उशाखालचा खडा

एसटीत बसून दगड चाटणारी मुलगी तुम्ही पाहिली नसेल. मी चाटते. हौस म्हणून नव्हे हं — कारंज्याच्या कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकवते, आणि कोरड्या दगडाचे खरे रंग दिसत नाहीत, तो ओला करावा लागतो. पाण्याची बाटली मंगरूळपीरच्या स्टँडवरच विसरले होते. शेजारच्या बाई डुलक्या घेत होत्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पिशवीतून गारगोटी काढली आणि जिभेच्या टोकानं हळूच...

"चव कशी हाये?"

आवाज मागच्या सीटवरून आला. गारगोटी हातून निसटली आणि सीटखालून गडगडत त्या आवाजाच्याच पायाशी गेली.

मी वळून पाहिलं. माझ्याच वयाचा एक मुलगा, मांडीवर चपलांचा खोका, खोक्यात रंगीबेरंगी मण्यांच्या माळा. तो हसत नव्हता, हेच मला जास्त झोंबलं. हसला असता तर चार शब्द सुनावता आले असते. त्यानं दगड उचलला, शर्टाच्या बाहीला पुसला आणि स्वतःच्या गालाला लावला. मग खिडकीच्या उजेडात धरला.

"हकीक हाये," तो म्हणाला. "पट्टे काय सुंदर पडले. कोठी भेटला तुमाले?"

"आमच्या इंझोरीले विहीर खोदून राह्यले, तिथं. अन् तुमी काहून गालाले लावला?"

"तुमी काहून जिभेले लावला?"

उत्तर नसलं की मी शिकवायला लागते, ही माझी जुनी खोड. मी त्याला सांगितलं, की आपल्या पायाखालचा हा सगळा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. तो थिजताना आत वाफेचे बुडबुडे अडकले, वाफ निघून गेली आणि पोकळ्या राहिल्या. मग पुढे कितीतरी काळ त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं, आणि पाण्यातली सिलिका थरावर थर बसत गेली. एक पांढरा, एक तपकिरी, एक निळसर. तोच अकीक, तुमचा हकीक.

"म्हनजे..." त्यानं खोक्यातल्या माळांकडे पाहिलं. त्या तो मंगरूळपीरच्या दर्ग्याबाहेरच्या दुकानांना देतो आणि उरलेल्या परत नेत होता, हे मला नंतर कळलं. "म्हनजे ह्या माळांचं माहेर तुमच्या विहिरीत हाये."

कारंजा कधी आलं कळलंच नाही. उतरताना त्यानं गारगोटी परत दिली, जरा जास्तच सांभाळून, दोन्ही हातांनी.

"मी अर्पित. बाजारात आमचं खड्यांचं दुकान हाये, बाबूजींचं... दुलीचंद शेठ म्हटलं की कोनीही सांगन. या कधी. चाटाले लय दगड हायेत."

स्टँडवरून कॉलेजपर्यंत मी एकटीच हसत गेले.

*

आता मी त्या दुकानात गेले ती निव्वळ कामासाठी. कोणी काही म्हणो. आमच्या कॉलेजच्या कपाटात खनिजांच्या नावाखाली तुरटीचा खडा आणि एक काळी काच होती, आणि मुलांना मी सिलिकेट शिकवत होते. पन्ना म्हणजे पाचू, कटेला म्हणजे ॲमेथिस्ट, गोमेद, पेरिडॉट, ही रत्नं मुळात एकाच घराण्यातली आहेत, हे फळ्यावर खडूनं काढून कुणाला पटायचं? पोरं जांभया द्यायची. म्हटलं, खरे दगड दाखवू.

दुकान अरुंद होतं आणि उदबत्तीच्या वासानं भरलेलं. दुलीचंद शेठ गादीवर बसले होते, पांढराशुभ्र सदरा, आवाज मऊ.

"या ताई. रास कोनती तुमची?"

"मले रास नाई," मी म्हणाले. "आमी बौद्ध. आमच्या घरी पत्रिका-गित्रिका काही मानत नाई."

"अरे वा," शेठजींचा चेहरा पडला, पण माणूस पक्का व्यापारी. "मंग शौकासाठी दाखवू?"

"बाबूजी, ह्या मॅडम दगडाच्याच हायेत," आतून अर्पित आला. "त्यायले मी पाहतो."

त्यानं काउंटरवर काळं मखमली कापड अंथरलं आणि एकेक खडा ठेवत गेला. पहिला कटेला, जांभळा. शेजारी सुनेला, मधासारखा पिवळा.

"हा सुनेला जन्मानं कटेलाच होता," तो म्हणाला. "भट्टीत घातला, अन् पिवळा झाला."

"दोन्ही क्वार्ट्‌झच," मी म्हणाले. "आत लोखंडाचा अंश हाये, तो जांभळा रंग देते. तापवलं की तेच लोखंड पिवळं दिसाले लागते."

"म्हनजे आतलं तेच, फक्त कोनी तापवलं की रंग बदलते." त्यानं खड्यावरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. "मानसाचं बी असंच असंल का हो?"

"तुमी तापता का?"

"आजपर्यंत तं नाई तापलो..."

शेठजी खाकरले. मी पर्स उघडली. मला एक एक खडा वर्गात न्यायचा होता, पण विकत घेण्याची ऐपत तासिकेवर शिकवणाऱ्या बाईची कुठून असणार? ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. अर्पितनं कटेला एका छोट्या मलमलीच्या फडक्यात बांधला आणि माझ्यापुढे सरकवला.

"चाचणीले न्या. आमच्या दुकानाचा रिवाजच हाये. खडा कोनी लगेच घेत नाई. घरी न्यायचा, उशाखाली ठेवायचा, स्वप्नं पाहायची. चांगलं स्वप्न पडलं तं खडा मानवला, मंग ठेवा. वाईट पडलं तं परत आना."

"अन् पडलंच नाई तं?"

"तरी परत आनून द्या. अन् काय झालं ते सांगा. तेवढं मातर सांगावं लागते."

हा तर सोन्यासारखा रिवाज होता. फुकटात नमुने मिळणार होते. मी कटेला नेला, वर्गात फिरवला, पोरांचे डोळे पहिल्यांदा उघडे दिसले. आणि आठवड्यानं परत नेऊन दिला.

"स्वप्न?" अर्पितनं विचारलं.

"नाई पडलं."

"उशाखाली ठेवला होता?"

"...कपाटात."

"मंग कसं पडन? उशाखाली ठेवा अन् मंग सांगा. तुमी खोटं नोका सांगू, बाकी कोनी सांगितलं तं चालते."

बाकी कोणी सांगितलं तर चालते. घरी जाईपर्यंत हे वाक्य माझ्या कानात होतं.

दुसऱ्यांदा त्यानं पेरिडॉट दिला, हिरवट, ताज्या शेंगेसारखा. मी त्याला सांगितलं, की हा जमिनीच्या पोटात फार खोलवर तयार होतो आणि ज्वालामुखी त्याला वर घेऊन येतो. आपल्या काळ्या दगडातही त्याचे कण असतात, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. तिसऱ्यांदा गोमेद. त्यानं मला सांगितलं, की गोमेद भिंगाखाली पाहिला तर आत साखरेचा पाक ढवळल्यासारखा दिसतो. मी भिंगातून पाहिलं. खरंच पाक होता. भिंग एकच होतं, त्यामुळे डोकं डोक्याला लागलं. दोघंही "सॉरी" म्हणालो, आणि दोघांनीही डोकं मागे घेतलं नाही.

रात्री खडा उशाखाली ठेवायला लागले, ते याच सुमाराला. प्रयोग म्हणजे प्रयोग, मी स्वतःला समजावलं. कुणी प्रामाणिकपणे विचारतोय तर प्रामाणिकपणे उत्तर द्यायला नको?

चोराच्या मनात चांदणं. उत्तर द्यायचं होतं म्हणून मी खडा ठेवत नव्हते. त्यानं विचारावं म्हणून ठेवत होते.

*

डिसेंबरात एकदा अवकाळी आला. कारंज्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागलेल्या, शेतकऱ्यांची ताडपत्र्या ओढायची धावपळ, आणि मी दुकानाच्या पायरीवर पन्ना परत करायला आलेली, अर्धी भिजलेली. शेठजी मंदिरात गेले होते. अर्पितनं मला आत घेतलं आणि स्टूल दिलं. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की बोलायला जवळ यावं लागत होतं. मला त्या पावसाचं काहीच वाईट वाटलं नाही. शेतकऱ्यांच्या गावची मुलगी असून वाटलं नाही, हे इथं कबूल करून टाकते.

"पन्ना मानवला का?"

"त्यात भेगा लय हायेत."

"पन्न्यात भेगा राह्यतातच. बिनभेगेचा पन्ना कोनी दाखवला तं समजायचं काच हाये. आमी तेल भरतो भेगांत, मंग दिसत नाई." तो थांबला. "हे गिऱ्हाइकाले सांगतो मी. बाबूजीले आवडत नाई, पन सांगतो."

"राशीचं बी खरं सांगता का?"

त्यानं नजर चुकवली. "ते... कोनी इचारत नाई."

मला तो त्या क्षणी थोडा कमी आवडला. आणि कमी आवडल्यावर एवढं वाईट का वाटतंय, म्हणून मीच चपापले.

त्यानं विषय बदलला. "डोये मिटा." माझ्या तळहातावर त्यानं दोन गोल मणी ठेवले. "एक काच हाये, एक स्फटिक. सांगा कोनता."

मी डोळे मिटले. एक मणी गालाला लावला, मग दुसरा. दुसरा गार होता. स्फटिक अंगाची ऊब भराभर ओढून घेतो, म्हणून काचेपेक्षा गार लागतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. गालाला लावून पाहायचं मात्र कधी सुचलं नव्हतं.

"हा."

"बराबर. बसमध्ये म्हनून गालाले लावला होता."

"आता मी सांगते," मी म्हणाले, डोळे न उघडताच. "सिलिकेट म्हणजे मधे एक सिलिकॉन अन् भोवती चार ऑक्सिजन. गोमेदात असा प्रत्येक गट एकटा राह्यते, आपापला. पन्न्यात सहा गट हात धरून फेर धरतात. अन् ह्या स्फटिकात..."

"ह्याच्यात?"

"ह्याच्यात एकही ऑक्सिजन एकट्याचा नाई. प्रत्येक दोघांत वाटलेला. म्हनून हा एवढा कडक राह्यते, सहज तुटत नाई."

बाहेर पाऊस ओसरला होता. मी डोळे उघडले तेव्हा तो मण्याकडे पाहत नव्हता.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमी वर्गात बी असंच शिकवता का?"

"असं नाई," मी म्हणाले. "वर्गात डोये उघडे ठेवते."

तो मोठ्यानं हसला. मग गंभीर होऊन पुढचा खडा फडक्यात बांधू लागला, आणि गाठ मारायला त्याला फार वेळ लागला. मूनस्टोन होता. दुधाळ, आत निळसर उजेड फिरणारा. फेल्डस्पारचे दोन प्रकारचे पातळ थर एकावर एक बसतात आणि उजेड त्यांच्यात विखुरतो, म्हणून तसा दिसतो. हे मी त्याला सांगणार होते, पण नाही सांगितलं.

त्या आठवड्यात मला स्वप्न पडलं. काय पडलं ते विचारू नका. एवढंच सांगते, की त्यात एसटी होती आणि मागची सीट रिकामी नव्हती. शनिवारी दुकानात गेले, तर तो म्हणाला, "काही पडलं?" आणि मी, जिनं कधी खोटं सांगितलं नव्हतं, सरळ म्हणाले, "नाई." खडा पिशवीत असून परत दिला नाही. म्हटलं, अजून काही दिवस ठेवते. त्यानं मान डोलावली. कान लाल झाले होते त्याचे.

*

आणि मग आईनं उशीचा अभ्रा धुवायला काढला.

माझे बाबा माणिकराव, गावात सगळे गुरुजी म्हणतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य काढलं. पोरांच्या बोटातल्या राशीच्या अंगठ्या, दंडातले गंडे स्वतःच्या हातानं सोडवायचे आणि म्हणायचे, बेटा, नशीब मनगटात असते, मनगटावर नाई. त्या माणसाच्या घरात, त्याच्या शिकलेल्या पोरीच्या उशाखाली, मलमलीत गुंडाळलेला खडा निघाला.

मी कॉलेजातून आले तर तो ओसरीवर, बाबांच्या समोर, वाटीत ठेवलेला. माझी आई बेबीताई दारात उभी, पदराचं टोक पिळत.

"हे काय हाये, स्नेहा?"

"मूनस्टोन. कॉलेजसाठी आनला. पोट्ट्याईले दाखवाले."

"मंग उशाखाली काहून?"

माझ्याजवळ उत्तर होतं. एका वाक्याचं होतं. पण ते तोंडातून निघेना.

"लग्नाचं टेन्शन घेऊन राह्यली का तू?" आई हळूच म्हणाली. "कोन्या बाईनं सांगितलं का काही?"

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. "मी जन्मभर लोकाईच्या पोरांले सांगत राह्यलो," ते म्हणाले, "अन् माह्या घरात..." वाक्य अर्धंच सोडून ते उठले. जेवताना माझ्याकडे पाहिलं नाही. लहानपणापासून माझ्या ताटातली भाकरीची कड तेच खातात, त्या दिवशी ती तशीच राहिली.

मला रडू आलं. खरं सांगितलं तर अर्पितचं नाव घ्यावं लागणार. आणि अर्पितनं तर मला काहीच म्हटलेलं नाही. खडे दिले, दुसरं काय दिलं? दुकानदार गिऱ्हाइकाला देतोच की. आणि खरं नाही सांगितलं, तर बाबांच्या नजरेत मी कायमची खडा उशाशी घेऊन झोपणारी पोरगी. दोन्हीकडून माझंच जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी धुतलेला सदरा घातला, खडा रुमालात बांधला.

"चाल. परत करू. मले त्या दुकानदाराशी बोलाचं हाये."

*

दुकानात गिऱ्हाईक होतं. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे प्रेमसिंग आणि त्यांच्या घरच्या रामीबाई, मुलीचं लग्न जमत नव्हतं म्हणून गोमेद पाहायला आलेले. शेठजी त्यांना राहूबद्दल समजावत होते. अर्पितनं मला दारात पाहिलं आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता बाबांना काही सांगायची गरजच नाही. मग त्याला माझ्या मागचे बाबा दिसले.

बाबांनी रुमाल काउंटरवर सोडला.

"हा तुमचा खडा. माह्या पोरीच्या उशाखाली सापडला. मले एकच सांगा, यानं होते काय?"

"बसा गुरुजी," शेठजी पुढे सरसावले. "मूनस्टोननं मन शांत राह्यते, लग्नाचे योग..."

"तुमाले नाई इचारलं, शेठजी. ज्यानं दिला त्याले इचारून राह्यलो."

रामीबाईंच्या हातात गोमेद होता आणि त्याही अर्पितकडेच पाहत होत्या. मी त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. तो "होते" म्हणाला असता, तर बाबा मला घेऊन त्या पायऱ्या उतरले असते, आणि त्याचं नाव मला घरात पुन्हा कधी काढता आलं नसतं. "नाई होत" म्हणाला असता, तर समोरचं गिऱ्हाईक उठलं असतं. आणि कारंज्यासारख्या गावात असली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात होते. दुकान त्याच्या वडिलांचं होतं, आणि वडील शेजारीच बसले होते.

अर्पितनं खडा उचलला.

"काही नाई होत, काका."

"अर्पित," शेठजी म्हणाले.

"नाई बाबूजी, बोलू द्या." त्यानं खडा बाबांपुढे धरला. "यात सिलिकॉन हाये, ऑक्सिजन हाये, थोडं ॲल्युमिनियम, थोडं पोटॅशियम. पातळ थर एकावर एक बसले म्हनून आत उजेड फिरल्यासारखा दिसते. दिसते सुंदर, बस. यानं कोनाचं लग्न जमत नाई. जमत असतं तं सगळ्यायच्या आधी माह्यं जमलं असतं. मी तं दिवसभर यायच्यातच बसून राह्यतो." थरांचं मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं, म्हणजे त्यानं स्वतःच शोधून काढलं होतं.

"मंग माह्या पोरीले कायले दिला उशाखाली ठेवाले?"

अर्पितनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"ती परत यावी म्हनून," तो म्हणाला. "चाचणीचा खडा परत आनून द्यावाच लागते, काका. दुसरा काही उपाय सुचला नाई मले."

माझ्या कानात पत्र्यावरच्या पावसासारखं काहीतरी वाजायला लागलं. बाबा सावकाश माझ्याकडे वळले.

"अन् तू काहून ठेवला?"

"तो... स्वप्न इचारे, बाबा. खोटं सांगाले बरं नाई वाटे."

"पडलं का मंग स्वप्न?"

"पडलं."

"काय पडलं?"

मी मान खाली घातली. मग बाबांच्या मिशीत काहीतरी हललं.

"राहू दे. समजलं." त्यांनी खिशातून चष्मा काढला, घातला, आणि मास्तर पोराला प्रश्न विचारतो तसं विचारलं, "एकच सांग. तुले खडा पाह्यजे का दुकानदार?"

"दुकानदार," मी म्हणाले.

बोलून गेले आणि मग कळलं, की सगळ्यांनी ऐकलंय. अर्पितच्या हातून मूनस्टोन काउंटरवर पडला. बाबांनी एवढा मोठा श्वास सोडला, जसं आदल्या दिवसापासून धरून ठेवला होता.

"जात येगळी, धरम येगळा, ते मले चालते," ते म्हणाले. "पन पोरगी खड्याले भिऊन राह्यली असती ना... तं मी कोन्या तोंडानं शायेत उभा राह्यलो होतो, असं झालं असतं."

"अन् आमच्या पोरीचं काय?" रामीबाईंनी मधेच विचारलं. त्यांचा गोमेद अजून हातातच होता.

"मावशी, खरं सांगतो, यानं काही होनार नाई," अर्पित म्हणाला.

"ते ऐकलं आमी. बहिरी नाई मी." त्यांनी गोमेद उजेडात धरला. "दिसते मातर बरा. पोरीच्या नाकात शोभन का?"

"शोभन. लय शोभन."

"मंग दे. लग्न जमन तवा जमन."

दुलीचंद शेठ इतका वेळ भिंतीला टेकून बसले होते. गिऱ्हाईक गेलं नाही, हे पाहून त्यांच्या अंगात थोडा जीव आला, पण डोळे अजून मुलावरच होते. रागावले होते, यात शंका नाही. आणि दुसरंही काही होतं. आपला मुलगा भर दुकानात खरं बोलला, हे बापाला एकाच वेळी झोंबतं आणि आवडतं, असं काहीतरी.

"शेठजी," बाबांनी विचारलं, "तुमच्या घरी चालन का हे?"

"नाई चालनार," शेठजी स्पष्टच म्हणाले. "याची माय राजमती आठ दिवस बोलनार नाई माह्यासंग. समाजात चार लोक इचारतीन." त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला, उघडला आणि तसाच बंद केला. "नाई चालनार म्हनून... चालवा लागन. एकच तं पोरगा हाये, अन् मांगे लागला की सोडत नाई. ह्या पोरीसाठी तं त्यानं गिऱ्हाईक सोडाची तयारी केली. आजपर्यंत कोनासाठी नाई केली."

बाबांनी हात जोडले. शेठजींनीही जोडले. चहा आला. कोणी कोणाला मिठी मारली नाही, कोणी रडलं नाही. मी एकटीच रडले, आणि ते मूनस्टोनवर सांडू नये म्हणून अर्पितनं तो हळूच बाजूला सरकवला. हा असाच आहे. मी त्याला माफ केलं.

*

इंझोरीच्या बसपर्यंत तो पोचवायला आला. बाबा पुढे चालत होते, मुद्दाम भराभर. आम्ही मागे, हळूहळू.

"तुले..." तो म्हणाला. पहिल्यांदाच तू म्हणाला. "तुले खरंच पडलं होतं स्वप्न?"

"हो."

"मले बी पडते. खड्याशिवायच."

बस लागली होती. बाबांनी मला खिडकीची जागा धरून दिली आणि स्वतः मात्र पुढे ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसले. मग मान वळवून खाली उभ्या अर्पितला म्हणाले, "काय पाहून राह्यला? बस ना इथं तिच्यापाशी. घर पाहून घे. सासऱ्याच्या गावचा रस्ता माहीत पाह्यजे."

तो अंगावरच्या कपड्यांनिशी चढला. शेजारी बसला. आमच्या मधे माझी पिशवी होती. त्यानं ती उचलून मांडीवर घेतली, आणि मग मधे काहीच उरलं नाही.

"अरे, पन," बाबांना काहीतरी आठवलं, "तुमी जैन लोक सूर्य बुडाल्यावर जेवत नाई ना?"

"नाई काका. पन काही हरकत नाई, मी..."

"हरकत कशी नाई? माह्या दारात पहिल्यांदा येनारा पोरगा उपाशी जाईन का?" बाबांनी खिडकीतून सूर्याकडे पाहिलं. ज्या माणसानं जन्मभर कुणाच्या मुहूर्ताला, तिथीला भीक घातली नाही, तो सूर्याची उंची मोजत होता. "स्नेहा, आईले फोन लाव. म्हन, आमी पोचतो तवर स्वयंपाक तयार ठेव. कांदा-लसूण नोको म्हन. ड्रायव्हर साहेब, जरा दामटा बरं आज."

मी फोन लावला. आईच्या मागे चुलीचा आवाज येत होता.

"कांदा नाई, लसूण नाई?" आई म्हणाली. "अन् एवढ्या घाईनं? मी तं वांग्याचं भरीत टाकलं होतं."

मी फोनवर हात ठेवला. "भरीत चालते?"

अर्पित ओशाळला. "वांगं... नाई चालत."

वऱ्हाडातल्या घरी येऊन वांगं चालत नाही म्हणणारा जावई. मी डोळे मिटून फोन कानाला लावला.

"आई, वांगं बी नाई चालत."

पलीकडून धुराचा खोकला ऐकू आला.

"असा कोन हाये बाप्पा हा, ज्याले काहीच चालत नाई?"

बसमध्ये चाळीस माणसं होती. अर्धी आमच्या गावची. पुढच्या सीटवर बाबा होते आणि त्यांचे कान मागे होते. शेजारी तो होता, माझी पिशवी मांडीवर घेऊन. मला एकदा वाटलं, घरी गेल्यावर सांगावं. मग वाटलं, आता आणखी कशाची वाट पाहायची?

"मी ज्याच्याशी लग्न करून राह्यली ना, तो," मी म्हणाले. मोठ्यानं, मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं. "अन् मले तो लय आवडते, आई."

एक म्हातारी वळून पाहायला लागली. अर्पितनं माझा हात धरला, पिशवीच्या आडून, आणि त्याचा तळवा असा गरम होता की मला हसू आवरेना. पलीकडून आईचा आवाज आला, जरा ओला, जरा लगबगीचा.

"बरं... मंग तुरीचं वरन टाकतो. अन् ज्वारीची भाकर. त्याले इचार, वरन तं चालते ना?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली, एकदा नाही, तीन-चारदा.

"चालते, आई," मी म्हणाले, आणि बस सुटली.